सात दिवसांची फळी

समजा, तुमच्या पुढ्यात लॅपटॉपची मेलेली बॅटरी आहे. काळी, लांबट, वजनाला फसवी. तिच्या पोटात सहा सेल आहेत, अंगठ्याएवढे जाड आणि करंगळीएवढे लांब. तुम्हाला ती उघडायची आहे. हातात स्क्रूड्रायव्हर घेतला असेल तर आधी तो खाली ठेवा. लोखंडाचं टोक आत घसरून दोन पट्ट्यांना एकदम लागलं की ठिणगी पडते. सेलच्या पत्र्यातून आत घुसलं, तर पुढे काय होतं ते बघायला डोळे शिल्लक राहतीलच असं नाही. प्लास्टिकची पातळ पट्टी घ्या, कडेच्या शिवणीत सरकवा, दाबू नका, फिरवा. कट, कट असा आवाज येत ती उलगडेल.

आता सेलना जोडणाऱ्या पट्ट्या एकेक करून कापा. दोन एकदम नाही. प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजा. दोनच्या खाली असेल तर त्याला उठवायला जाऊ नका. उपाशी राहून राहून त्याच्या आतलं तांबं विरघळलेलं असतं, आणि तुम्ही पुन्हा खायला घातलंत की त्या तांब्याचे काटे उगवतात. दोन ते तीनच्या मधला असेल तर मातीच्या परळात ठेवून अगदी थेंब थेंब करंट द्या. दर पाच मिनिटांनी बोट लावून बघा. कोमट झाला की बाद. गार राहून चार पॉइंट दोनपर्यंत चढला की तुम्हाला वाटेल, जमलं.

नाही जमलं. आता तो फळीवर ठेवायचा आणि सात दिवस त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. आठव्या दिवशी पुन्हा मोजायचा. चार पॉइंट एकच्या खाली घसरला असेल, तर तो आतल्या आत गळतोय. वरून ठणठणीत, आतून फितूर. असा एक सेल पाच चांगल्यांमध्ये बसवला की कधीतरी तो त्यांनाही घेऊन जातो.

ही शेवटची पायरी तुम्हाला इथे फुकट कळली. आत्याने सख्ख्या भाच्याला ती तीन वर्षं सांगितली नव्हती.

आत्या तशी एकट्या भाच्याचीच, पण तो रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याशी बोलताना “आत्या, आत्या” करायचा, म्हणून सगळा रस्ताच तिला आत्या म्हणू लागला. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला कुलूपवालासुद्धा. बावीस वर्षं ती मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. कारखाना बंद पडला तेव्हा एक हत्यारांची पेटी आणि एक मीटर घेऊन ती भावाकडे आली. भावाने रस्त्याकडची खोली दिली. “बस इथे, जे येतं ते कर,” म्हणाला आणि दोन वर्षांत वारला. त्यानंतर घर वहिनींचं झालं, पुढची खोली आत्याची राहिली, आणि दोघींच्या मधे एक पडदा.

पडद्याच्या अलीकडचं पलीकडे नीट ऐकू जाईल अशा आवाजात वहिनी बोलायच्या.

“वन्सं, जिवंत माणसाला तुम्ही कधी पाण्याचा पेला पुढे केला नाहीत. मेलेल्यांची मात्र काय बाई सेवा!”

“मेलेले उलट बोलत नाहीत, वहिनी,” आत्या म्हणायची.

तीही कमी नव्हती. जीभ तिची प्लास्टिकच्या पट्टीसारखी होती, शिवण कुठे आहे ते तिला बरोबर ठाऊक असे. बॅटरी आणून देणाऱ्या गिऱ्हाइकाला ती म्हणे, “रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवलीत ना? लेकराला चोवीस तास भरवलं तर तेही असंच फुगेल.” गिऱ्हाईक ओशाळायचं, पण परत यायचं. कारण आत्याची बॅटरी दोन-दोन वर्षं चालायची. ती दहा दिवस मागून घ्यायची आणि तयार बॅटरीच्या पहिल्या चार्जिंगला स्वतःचा तळहात तिच्यावर ठेवून पूर्ण वेळ बसायची. तळहाताला जे कळतं ते मीटरला नंतर कळतं, असं तिचं म्हणणं.

भाच्याची नोकरी सुटली तेव्हा वहिनींनी पडदा बाजूला केला आणि पहिल्यांदाच त्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

“त्यालाही शिकवा तुमची विद्या. घरात दोन वेळा जेवता, तेवढं तरी.”

आत्याने शिकवलं. शिकवताना ती दयामाया करत नसे. त्याने दोन पट्ट्या एकदम कापायला घेतल्या की पक्कडीची मूठ त्याच्या बोटांच्या सांध्यावर बसायची. तीस वर्षांचा बाप्या, डोळ्यांत पाणी यायचं त्याच्या. कोमट सेल ती त्याच्या गालाला लावायची आणि विचारायची, “किती? सांग. अंदाजे नको, सांग.” त्याचं चुकलं की शेजारच्या कुलूपवाल्याला हाक मारून सांगायची, “अहो, आमच्या साहेबांना ताप आणि ऊन यांतला फरक कळत नाही बरं का!”

तरी तो शिकला. हात हलका होता त्याचा, आणि सेल जोडायच्या मशीनवर तर तो तिच्याहून सफाईदार होता. तिने सगळं शिकवलं. फक्त भिंतीवरची ती फळी सोडून.

“आत्या, ही फळी कसली गं?”

“जुन्या गिऱ्हाइकांचे सेल आहेत. हात लावू नकोस.”

प्रत्येक सेलखाली कागदाची चिठ्ठी होती, तारीख आणि आकडा लिहिलेली. त्याने कधी वाचली नाही. दहा दिवस लागतात ते म्हातारी रेंगाळते म्हणून, असं त्याने आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. तिने ते खोडलं नाही. कारखान्यात तिच्या वरचा एक तपासनीस होता. त्याने हाताखालच्याला सगळं शिकवलं, शुक्रवारी शेवटचं गेज समजावून सांगितलं आणि सोमवारी त्याच्या टेबलावर निरोपाचं पत्र आलं. आत्याने ते पत्र स्वतः वाचलं होतं. त्या घरात तिची खोली, तिचं ताट, तिची खाट या सगळ्याला एकच खिळा होता: तिला येत होतं आणि त्याला येत नव्हतं असं काहीतरी एक. तो खिळा ती स्वतःच्या हाताने कशी उपटणार होती?

पण खिळा भाच्याला आणि वहिनींना दिसलाच नाही. त्यांना वाटलं, सगळं येऊन चुकलंय.

एका सकाळी ती अंघोळ करून आली तर तिची खाट आणि तिचं टेबल मागच्या बोळात होतं, पाण्याच्या पिंपाशेजारी. तिची फळी त्यावर उलटी ठेवलेली. सेल एका डब्यात, चिठ्ठ्या दुसऱ्या डब्यात.

“आत्या, राग मानू नकोस,” भाचा म्हणाला. “पुढे जरा नीट काउंटर करतोय. तू मागे निवांत बॅटऱ्या उघडून दे. तेवढंच तुला बरं, धूळ नाही, गिऱ्हाइकांची कटकट नाही.”

“निवांत,” आत्या म्हणाली.

“आणि ती वाळूची बादली पण घेऊन जा गं. पुढे बरी दिसत नाही.”

लोखंडी बादली होती ती, वाळूने अर्धी भरलेली, वर पत्र्याचं झाकण. एखादा सेल बिघडलाच तर पुरायला. आत्याने ती उचलली आणि बोळात ठेवली. पुढच्या खोलीपासून बोळापर्यंत चौदा पावलं होती. मधे पडदा आणि स्वयंपाकघराचा उंबरा.

पुढे पाटी लागली: बॅटरी एका तासात जिवंत. गिऱ्हाइकांची रांग लागली. वहिनी पहिल्यांदाच रस्त्याकडच्या दारात खुर्ची टाकून बसू लागल्या.

आत्या बोळात बसून हिशेब करायची. फळीवर बारा सेल ठेवले की साधारण एक घसरतो, हा तिचा आठ वर्षांचा अनुभव. एका बॅटरीत सहा सेल. म्हणजे भाच्याच्या दर दुसऱ्या बॅटरीत सरासरी एक फितूर जात होता. बहुतेक फितूर भित्रे असतात. नुसते गळतात, महिन्या-दोन महिन्यांत बॅटरी बसते, गिऱ्हाईक शिव्या घालत येतं आणि भाचा म्हणतो, तुमचा चार्जर खराब आहे. पण एखादा तसा नसतो. पहिला महिना ती घाबरून होती. दुसऱ्या महिन्यात ती वाट बघू लागली. चौथ्या महिन्यात तर पुढच्या खोलीतून जरा मोठा आवाज आला की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते तिने आरशात बघितलं नाही हे बरं झालं. काहीच होत नव्हतं. तीस बॅटऱ्या गेल्या, साठ गेल्या. वहिनी ताट सरकवताना म्हणायच्या, “दहा दिवस! दहा दिवस काय अंडी उबवत होता का हो वन्सं?”

पाचव्या महिन्यात भाचा बोळात आला. हातात एक सेल होता.

“आत्या, हा बघ ना. गेल्या आठवड्यात चार पॉइंट दोनला भरला होता. गिऱ्हाईक आलंच नाही, तसाच राहिला. आज तीन पॉइंट नऊ दाखवतोय. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. कुठे जातंय ते?”

आत्याने सेल हातात घेतला. गार होता. बिचाऱ्याने चुकून का होईना, तिची पायरी स्वतः शोधून तिच्या हातात आणून दिली होती. आता फक्त हो म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. “काय विचारायचं ते सगळं आत्ताच विचारून घे रे बाबा. पुढच्या महिन्यात मला त्या बोळात कपडे धुवायचं मशीन बसवायचंय.”

आत्याने तोंड मिटलं. सेल परत त्याच्या हातात ठेवला.

“मीटर बदल,” ती म्हणाली.

“मीटर?”

“जुना झालाय तो. खोटं दाखवतोय.”

तो मीटर खोटं दाखवत नव्हता. कारखाना सोडायच्या आदल्या दिवशी तिने तो प्रमाण यंत्राला लावून स्वतः तपासला होता, आणि त्यानंतर दर वर्षी पदरचे पैसे देऊन प्रयोगशाळेत तपासून घेतला होता. एवढा खरा मीटर त्या रस्त्यावर दुसरा नव्हता.

भाच्याने दुसऱ्याच दिवशी पिवळा, मोठ्या पडद्याचा नवा मीटर आणला. तो सेल पुन्हा भरला, लगेच मोजला. चार पॉइंट दोन शून्य. तो पळत बोळात आला, लहान मुलासारखा.

“बरोबर होतीस तू! मीटरच खोटा होता. हा जुना तू ठेव, तुझी आठवण म्हणून.”

त्याने तो सेल कोणत्या बॅटरीत घातला, ते आत्याने विचारलं नाही.

बाराव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, टायपिंगच्या क्लासच्या बाई दुकानात आल्या. इथूनच नेलेली बॅटरी गरम लागते म्हणून दाखवायला आणली होती. भाच्याने ती काउंटरवर घेतली, काहीतरी विनोद केला, बाई हसल्या आणि फुस्स असा आवाज आला. कुकरची शिट्टी सुटण्याआधी येतो तसा. मग पांढरा धूर. बाईंची ओढणी काउंटरवर होती. भाच्याने विचार न करता बॅटरी उचलली आणि वाळूच्या बादलीसाठी हात खाली घातला. काउंटरखाली बादली नव्हती. ती त्यानेच पाठवली होती.

तो पळाला. पडदा, उंबरा, स्वयंपाकघर. चौदा पावलं. हातात जळती बॅटरी. आठव्या-नवव्या पावलाला दुसरा सेल फुटला.

आत्याने त्याला येताना पाहिलं. पाच महिने ज्याची वाट बघितली ते तिच्याकडे पळत येत होतं, आणि ते ओरडत होतं. तिने झाकण उडवलं आणि बादली पायाने पुढे ढकलली. त्याने हात वाळूत खुपसला. बॅटरीला चिकटलेली बोटं तिने वाळूतच सोडवली.

उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना जुळून राहिली. डावा डोळा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, उजवा वाचला हे नशीब.

वहिनी इस्पितळातून आल्या त्या थेट बोळात.

“तुमच्या त्या मेल्या विद्येने माझ्या पोराचा डोळा खाल्ला,” त्या म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसलं. “दुकान किती दिवस बंद ठेवायचं? टेबल पुढे घेऊ या, वन्सं.”

एवढ्या वर्षांत ‘घेऊ या’ असं वहिनी तिला पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या.

आत्या पुढच्या खोलीत परतली. खाट आली, ताट वेळेवर येऊ लागलं, कपड्यांच्या मशीनचा विषय निघाला नाही. बादली काउंटरखाली आली, फळी पुन्हा भिंतीवर लागली. जिच्यासाठी सगळं केलं ती खोली मिळाली होती, फक्त ती तिला पूर्वीसारखी दिसत नव्हती. बोळात काढलेल्या महिन्यांत दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकत आला होता. सेल हाताने चाचपून ती साच्यात बसवू शकायची, मशीनची दोन टोकं खाचेत बरोबर टेकवू शकायची, पण मीटरवरचे करडे आकडे भिंगातूनही एकच दिसत. आठ काय आणि शून्य काय. तीन काय आणि नऊ काय.

“ऑपरेशन करू की,” वहिनी म्हणाल्या. “आधी त्याच्या हाताचं होऊ दे.”

त्यामुळे भाचा बरा होऊन आला तसा स्टुलावर बसू लागला. तो मोजायचा आणि वाचायचा, ती जोडायची. कुलूपवाला म्हणाला, “चला, दोघांचा मिळून एक कारागीर झाला.” झेरॉक्सवाला म्हणाला, “एक धड डोळा, दोन धड हात, आणि जीभ मात्र आत्याचीच.” आत्या हसली. भाचाही हसला, पण त्या बाजूचा गाल आता हलत नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

पहिल्या आठवड्याचे सेल फळीवरून उतरवायची वेळ आली. तो डाव्या हाताने एकेक सेल घेऊन चिठ्ठी वाचत होता.

“सोळा तारीख, चार पॉइंट दोन शून्य. आज चार पॉइंट एक आठ.”

“ठीक.”

“सोळा तारीख, चार पॉइंट दोन शून्य. आज...” तो थांबला. “तीन पॉइंट आठ चार.”

“बाद.”

सेल त्याने खाली ठेवला नाही. एका डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिला.

“कुणी हातसुद्धा लावला नव्हता याला,” तो म्हणाला.

आत्या मशीनची वायर गुंडाळत होती.

“माझा तो सेल असाच खाली आला होता. मी तुला दाखवला होता.”

“हो.”

“मीटर बदल म्हणालीस.”

“हो.”

“ही फळी तेव्हाही होती ना, आत्या?”

“होती.”

“जुन्या गिऱ्हाइकांची.”

पडद्यापलीकडे भांडी वाजतच होती. आत्याला वाटलं, आता तो ओरडेल. ओरडावं. पक्कड फेकून मारावी. तिने हात मांडीवर ठेवले आणि मान पुढे केली, जणू मोजायला दिली.

भाच्याने बाद सेल वेगळ्या डब्यात टाकला आणि पुढचा उचलला.

“सोळा तारीख, चार पॉइंट दोन शून्य. आज चार पॉइंट एक सात.”

त्यानंतर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. आईजवळही नाही, वहिनींच्या बोलण्यात ते कधी आलं नाही आणि वहिनी अशी गोष्ट तोंडात धरून ठेवणाऱ्या नव्हेत. उलट तो फार नम्र झाला. आत्या, चहा घे. आत्या, उन्हात नको जाऊस. सकाळी तिच्या आधी स्टुलावर हजर, मांडीवर तो पिवळा मीटर.

आता गेल्या चार आठवड्यांच्या फळ्यांची गोष्ट, आठवड्याला एक. एका फळीवर चोवीस सेल. चार फळ्यांचे शहाण्णव. भाच्याने शहाण्णव आकडे वाचले आणि त्यांत एकही चार पॉइंट एकच्या खाली नव्हता. बारात एक, हा आत्याचा अनुभव. सात-आठ तरी निघायला हवे होते. एखादा लॉट चांगला असतो. दोन असतात. चार लागोपाठ?

पूर्वी फळीवरून बाद झालेल्या सेलचा डबा महिन्याभरात भरायचा. परवा तिने तो हलवून पाहिला. तळाशी एकच सेल खुळखुळला, तो सोळा तारखेचा.

दुकानात येणाऱ्या कुणालाही ती सांगू शकते, जरा हा आकडा वाचा हो. एवढंच. दोनदा तिने सेल आणि मीटर उचललेही. दोन्ही वेळा स्टूल करकरलं; भाचा तिच्याकडे वळून बघत होता, त्या एका डोळ्याने, अगदी शांत. दुसऱ्याला विचारणं म्हणजे त्याला विचारणंच झालं. आणि त्याला विचारलं, तर त्याने जे तिला अजून विचारलेलं नाही ते तो विचारेल. तिने मीटर खाली ठेवला.

आज सकाळी टायपिंगच्या क्लासच्या बाईंची बॅटरी तयार झाली. बाईंनी हट्टाने पुन्हा इथेच दिली होती, आत्याच्या हातून हवी म्हणून. सहाही सेल शेवटच्या फळीवरचे.

“सगळे चार पॉइंट एक नऊ,” भाचा म्हणाला. “एकसारखे. असे कधी मिळाले नव्हते बघ.”

त्याने स्टूल जरा मागे घेतलं, भिंतीला टेकेल इतकं. वाळूच्या बादलीचं झाकण काढून बादली तिच्या पायाशी ठेवली. पूर्वी हे काम आत्या स्वतः करायची.

आत्याने चार्जर लावला आणि नेहमीसारखा तळहात बॅटरीवर टेकवला. बॅटरी गार होती. पहिली वीस मिनिटं सगळ्याच गार असतात. समोर तो बसला होता, मांडीवर मीटर घेऊन. तिला त्याच्या जागी एक करडा आकार दिसत होता आणि त्यात मीटरचा पिवळा ठिपका. शहाण्णव वेळा त्या ठिपक्याकडे बघून तो जे मोठ्याने वाचत होता, ते तिथे लिहिलेलं होतं का?